एका देहांत दोन रोग

लंडन शहरांत १७६७ सालीं एका शुक्रवारीं एका मनुष्याच्या जननेंद्रियावर नस्तराच्या टोंकानें दोन ठिकाणीं टोचण्यांत आलें. तें टोंक आधीं परम्याच्या एका रोग्याच्या पुवांत बुडवून घेतलेलें होतें. प्रयोग करणारा शस्त्रवैद्य जॉन हंटर. इंग्लंडांतील शस्त्रवैद्यकाला शास्त्राची बैठक देणारा म्हणून ज्याचें नांव आजहि आदरानें घेतलें जातें, तोच हा. प्रयोग कोणावर झाला, हें त्यानें आपल्या ग्रंथांत लिहिलें नाहीं. तो मनुष्य स्वतः हंटरच होता, अशी समजूत पुढें रूढ झाली. अलीकडील इतिहासकारांना मात्र ती तितकीशी पटत नाहीं. मनुष्य कोणीहि असो, त्याच्या देहावर क्रमाक्रमानें जें उमटत गेलें तें हंटरनें बारकाईनें टिपून ठेवलें. टोचल्या जागीं व्रण झाले, जांघेंत गांठ आली, कांहीं महिन्यांनीं घशांत व्रण पडला आणि त्वचेवर तांबूस डाग उठले. हीं सगळीं लक्षणें उपदंशाचीं, म्हणजे लोकभाषेंत ज्याला गरमी म्हणतात त्या रोगाचीं. पारा देऊन तीं घालवावयास तीन वर्षें लागलीं.

यावरून हंटरनें असें अनुमान काढलें कीं, परमा आणि गरमी हे दोन रोग नव्हेत, एकाच विषाचीं तीं दोन रूपें होत. ओलसर अंतस्त्वचेवर तें विष पडलें कीं पू वाहतो, कोरड्या त्वचेवर पडलें कीं व्रण होतो. १७८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत हें मत आलें, आणि त्याच्या नांवाचा दबदबा असा कीं पुढें जवळजवळ पन्नास वर्षें तें वैद्यकांत ठाण मांडून बसलें. प्रयोग निष्काळजीपणानें केलेला नव्हता. टिपणेंहि खोटीं नव्हतीं. पण ज्याचा पू घेतला त्या रोग्याला परमा आहे एवढें पाहून हंटर थांबला. त्या रोग्याला दोन्ही रोग होते, असाच उलगडा आज केला जातो. परमा डोळ्यांना दिसत होता, गरमी दिसत नव्हती.

सभ्य घरांत या रोगांचें नांव काढण्याची रीत नाहीं, आणि त्यामुळेंच कीं काय, त्यांच्या इतिहासाकडेहि सुशिक्षितांचें लक्ष सहसा जात नाहीं. पण एका रोग्याला एका वेळीं एकच रोग असावयाचा, हा समज किती महागांत पडतो, तें या इतिहासाइतकें ठळकपणें दुसरीकडे क्वचितच दिसतें. हंटरची चूक हंटरबरोबर संपली नाहीं. दोन शतकांनीं एच. आय. व्ही. या विषाणूनें जग हादरविलें तेव्हां ती नव्या वेषांत पुन्हां वैद्यांपुढें येऊन उभी राहिली.

हिंदुस्थानांतील जुन्या वैद्यांना या बाबतींत थोडें श्रेय द्यावयास हवें. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथांत ‘फिरंगरोग’ स्वतंत्रपणें सांगितलेला आहे. फिरंग्यांच्या संसर्गानें होणारा म्हणून हें नांव, आणि त्यावर पारा व चोपचिनी हे उपाय. जननेंद्रियावरील व्रणांना ‘उपदंश’ हें नांव सुश्रुतापासून चालत आलेलें होतें. भावमिश्रानें नवा रोग त्या जुन्या नांवाखालीं ढकलला नाहीं, त्याला वेगळें स्थान दिलें. पुढें मराठींत मात्र ‘उपदंश’ हा शब्द सिफिलिसलाच चिकटला आणि जुना भेद बोलण्यांतून पुसला गेला.

युरोपांत हंटरच्या मताला जोराचा विरोध एडिंबरोच्या बेंजामिन बेल यानें १७९३ सालीं केला. वादाचा निकाल लावला तो पॅरिसच्या फिलिप रिकॉर यानें. सुमारे अडीच हजार वेळां टोचणी करून १८३८ सालीं त्यानें दाखवून दिलें कीं, नुसत्या परम्याचा पू टोचल्यानें उपदंश होत नाहीं. ही टोचणी बहुधा रोग्याच्या स्वतःच्याच मांडीवर केली जाई. रोग्याची त्याला संमति होती काय, हा प्रश्न त्या काळीं फारसा कोणी विचारीत नसे. हंटर जेथें फसला तेथें रिकॉरनें विशेष काळजी घेतली. स्त्री-रोग्यांच्या शरीराचा आंतील भाग यंत्रानें उघडून त्यानें तपासला, आणि बाहेरून केवळ स्राव दिसत असतां आंत व्रण दडून बसलेला असूं शकतो, हें नजरेस आणून दिलें. तरी रिकॉरहि पुढें एका ठिकाणीं अडखळलाच. जननेंद्रियावरील मृदु व्रण आणि कठीण व्रण हे त्याला एकाच रोगाचे वाटत. ते दोन वेगळे रोग आहेत, असें त्याचाच शिष्य बासरो यानें १८५२ सालीं प्रतिपादन केलें.

त्यानंतर लिआँ शहरच्या जोसेफ रोले या वैद्यानें जें दाखविलें तें या सबंध कथेंत सर्वांत बोलकें आहे. मृदु व्रण संसर्गानंतर आठवड्याच्या आंतच उठतो. तो दुखतो, त्याचा तळ मऊ असतो. गरमीचा व्रण उठावयास साधारण तीन आठवडे लागतात. तो टणक असतो आणि बहुधा दुखत नाहीं. आतां एकाच संबंधांत, एकाच ओरखड्यांतून दोन्ही रोग शिरले तर काय होतें? चौथ्या-पांचव्या दिवशीं मृदु व्रण दिसूं लागतो. वैद्य तो ओळखतो. त्याचें निदान अगदीं बरोबर असतें. औषध लागतें, दुखणें उतरतें, रोगी निर्धास्त होऊन घरीं जातो. मग तिसऱ्या आठवड्यांत त्याच व्रणाचा तळ हळूहळू टणक होतो. रोलेनें याला मिश्र व्रण म्हटलें. येथें वैद्य चुकला असें म्हणवत नाहीं. त्याचें पहिलें उत्तर बरोबर होतें, आणि तें बरोबर होतें म्हणूनच त्यानें दुसरा प्रश्न विचारला नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शक यंत्राचें राज्य सुरू झालें. १८७९ सालीं नायसर यानें परम्याचा जंतु दाखविला, १८८९ सालीं नेपल्स येथें डुक्रे यानें मृदु व्रणाचा, आणि १९०५ सालीं बर्लिनमध्यें शाउडिन व हॉफमन या दोघांनीं गरमीचा मळसूत्री जंतु शोधून काढला. त्याच १९०५ सालीं मद्रासेंत चार्ल्स डोनोव्हन यानें जननेंद्रियावरील आणखी एका चिवट व्रणांत निराळेच सूक्ष्म कण पाहिले. तो रोग पुढें त्याच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. १९०६ सालीं वासरमन याची रक्तपरीक्षा आली.

हे शोध लागण्यापूर्वींचा काळ किती आंधळा होता, याची साक्ष येथल्या कायद्यांतच आहे. १८६८ सालच्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानें हिंदुस्थानांतील कांहीं शहरांत वेश्यांची सक्तीनें तपासणी होई. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांना तो कायदा शिवत नसे. तपासणी नुसत्या डोळ्यांची. व्रण दिसला तर इस्पितळांत कोंडावयाचें, न दिसला तर निरोगी ठरवावयाचें. ज्या रोगांचे जंतु अद्याप कोणी पाहिलेलेहि नव्हते, त्यांच्याविषयीं निरोगीपणाचा निर्वाळा सरकारी अधिकारी बिनदिक्कत देत होते. १८८८ सालीं तो कायदा रद्द झाला.

जंतु सांपडले, आतां गोंधळ संपला, असें विसाव्या शतकाच्या आरंभीं वाटणें स्वाभाविक होतें. पण प्रत्येक परीक्षा तिला विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देते. कांचेवर परम्याचे जंतु दिसले कीं पाहणाऱ्याचें समाधान होतें. गरमीचे जंतु त्या रंगांत दिसत नाहींत, ते अंधाऱ्या क्षेत्राच्या निराळ्या यंत्रानें पाहावे लागतात. औषध चांगलें मिळालें तेव्हां तर हा धोका वाढलाच. १९४३ सालीं अमेरिकेंत महोनी यानें पेनिसिलिननें गरमीचे चार रोगी बरे करून दाखविले, आणि त्याच सुमारास परमाहि त्याच औषधानें चटकन बरा होतो हें कळून चुकलें. पण परम्याला तेव्हां पेनिसिलिनचा लहानसा डोस पुरत असे, गरमीला तेवढा पुरत नसे. रोग्याच्या अंगीं दोन्ही रोग मुरत असले तर त्या लहान डोसानें परमा जाई आणि गरमीचीं पहिलीं लक्षणें दडपलीं जात. म्हणून परमा बरा झाल्यावरहि रोग्याला पुढें कांहीं महिने रक्ततपासणीसाठीं बोलवावें, असें शहाणे वैद्य तेव्हांपासून सांगत आले. बोलावल्याप्रमाणें किती रोगी येत, हें ज्यानें त्यानें मनाशीं ठरवावें.

१९८१ सालच्या ५ जून रोजीं अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेंत लॉस एंजेलिस येथील पांच तरुणांची हकीकत आली. निरोगी माणसाला सहसा न होणारा फुप्फुसाचा एक दाह त्यांना झाला होता. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या वैद्यांनीं चार पुरुषांच्या गुदद्वाराभोवतीं महिनोन्‌महिने न भरणाऱ्या व्रणांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ते व्रण हर्पीसचे होते. हर्पीस हा रोग जुना आणि परिचित. त्याचे फोड दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुकावयाचे. येथें ते सुकत नव्हते, पसरत होते. हर्पीस तोच होता. ज्या देहांत तो शिरला होता तो देह पूर्वीचा राहिला नव्हता. पुढें महिन्याहून अधिक टिकणारा हर्पीसचा व्रण हा एड्सच्या निर्णायक लक्षणांत गणला गेला. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी व ल्युक माँतान्ये यांच्या मंडळीनें या देहबदलाचें कारण असलेला विषाणु वेगळा काढला, आणि १९८५ पासून त्याची रक्तपरीक्षा उपलब्ध झाली. लगेच १९८६ सालीं तेव्हांच्या मद्रासेंत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनीं गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांत भारतांतील पहिले सहा एच. आय. व्ही.बाधित आढळले. ते नमुने वेश्याव्यवसायांतील स्त्रियांचे होते.

हंटरच्या काळीं एक रोग दुसऱ्याला केवळ झांकीत होता. आतां एक रोग दुसऱ्याचें रूपच पालटूं लागला, आणि त्याहून अवघड म्हणजे तो ओळखण्याचें साधनहि बिघडवूं लागला. गरमीची रक्तपरीक्षा जंतूला पाहत नाहीं. जंतूविरुद्ध देहानें निर्माण केलेल्या प्रतिद्रव्यांना पाहते. पावलांच्या ठशांवरून चोराचा माग काढावा तसा हा प्रकार. पण एच. आय. व्ही. नेमका देहाच्या त्या प्रतिकारयंत्रणेलाच पोखरतो. १९८७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतांतील रोग्याला एच. आय. व्ही.ची बाधा होती. त्याच्या त्वचेवर गरमीच्या दुसऱ्या अवस्थेचीं चिन्हें होतीं, तरी रक्तपरीक्षा मात्र नकारार्थीच येत होती. अखेर त्वचेचा तुकडा काढून, त्याला विशिष्ट रंग देऊन पाहिलें, तेव्हां त्यांत मळसूत्री जंतु दिसले.

याच्या उलटहि घडतें, आणि तें अधिक चमत्कारिक आहे. कित्येक बाधितांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें अतोनात असतात. परीक्षेंत तीं द्रव्यें आणि बाहेरून घातलेला पदार्थ यांचें प्रमाण जुळलें तरच कण एकत्र येऊन दिसूं लागतात. प्रतिद्रव्यांचा फारच सुकाळ झाला तर कण जमत नाहींत आणि उत्तर ‘रोग नाहीं’ असें येतें. रक्तद्रवांत मिठाचें पाणी घालून तो पातळ केला कीं लपलेला रोग तत्काळ प्रकट होतो. उपाय अगदीं सोपा. पण नमुन्याबरोबरच्या चिठ्ठींत ‘गरमीचा संशय आहे’ एवढें वैद्यानें लिहावयास हवें, आणि प्रयोगशाळेंतील मनुष्यानें तें वाचावयास हवें.

त्याच १९८७ सालीं आणखी कांहीं वृत्तांत आले. नेहमींचे पेनिसिलिनचे उपचार पुरे झालेले असतांहि एच. आय. व्ही.बाधितांमध्यें गरमी मेंदूंत व डोळ्यांत शिरल्याचीं उदाहरणें त्यांत होतीं. वैद्यकजगांत मोठी घबराट उडाली. जुने उपचार निरुपयोगी झाले काय, असें विचारलें जाऊं लागलें. दहा वर्षांनीं, १९९७ सालीं, ५४१ रोग्यांवरील एका व्यवस्थित प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यांतील १०१ जणांना एच. आय. व्ही.ची बाधा होती. बाधितांच्या रक्तपरीक्षेंतील आंकडे अधिक सावकाश उतरत, ही गोष्ट खरी. पण प्रत्यक्ष रोग बळावल्याचीं उदाहरणें विरळ होतीं, आणि अधिक तीव्र औषधयोजनेनें अधिक गुण आला असें दिसलें नाहीं. विलक्षण रोग्याचा वृत्तांत छापला जातो. जो सरळ बरा होऊन घरीं गेला त्याचा छापला जात नाहीं. विलक्षण वृत्तांतांनीं सावध केलें हें चांगलें झालें, पण मोजमाप होईपर्यंत धीर धरण्याची बुद्धि फार थोड्यांना झाली.

या इतिहासांत महाराष्ट्राचाहि वाटा आहे, आणि तो दुर्दैवानें मोठा आहे. पुण्यास भोसरी येथें १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. शहरांतील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या रोग्यांचा तिनें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या साह्यानें अभ्यास केला. एच. आय. व्ही. शिरल्यावर प्रतिद्रव्यें रक्तांत दिसूं लागावयास कांहीं आठवडे जातात. त्या मधल्या काळांत नेहमींची परीक्षा ‘नाहीं’ म्हणते. पुण्याच्या अभ्यासकांनीं विषाणूचें प्रथिनच शोधण्याची परीक्षा लावून या मधल्या काळांतील माणसें हुडकून काढलीं. १९९७ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, अशा माणसांमध्यें ताप, सांधेदुखी, रात्रींचा घाम यांच्या जोडीला जननेंद्रियावरील व्रण विशेषेंकरून आढळतो. याचा व्यवहारांतला अर्थ मनांत आणून पाहावा. एक मनुष्य व्रण घेऊन दवाखान्यांत येतो. व्रणाचें निदान होतें, औषध मिळतें, एच. आय. व्ही.ची परीक्षाहि नकारार्थी येते. तो आनंदानें घरीं जातो. वस्तुतः संसर्ग देण्याच्या दृष्टीनें तो त्याच वेळीं सर्वांत घातक असतो.

आणि घरीं कोण असतें, तें त्याच संस्थेच्या १९९७ सालच्या दुसऱ्या लेखांत आहे. त्या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायाशीं कांहीं संबंध नसलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा १३.६ जणींना एच. आय. व्ही.ची बाधा निघाली. त्यांतल्या बहुतेक विवाहित होत्या, आणि पतीखेरीज दुसऱ्या पुरुषाशीं त्यांचा संबंध नव्हता. त्या आल्या होत्या त्या अंगावरून जाणें किंवा व्रण अशा दुखण्यासाठीं. त्या दुखण्याचें औषध देऊन त्यांना परत पाठविलें असतें तर वैद्याला दोष कोणी दिला नसता.

जेथें प्रयोगशाळा नाहीं तेथें काय करावें, याचें एक धीट उत्तर आफ्रिकेंतून आलें. टांझानियांतील म्वान्झा भागांत रोग नेमका कोणता याचा खल न करतां, व्रण किंवा स्राव या लक्षणावरून संभाव्य सर्व रोगांवर एकदम औषध देण्याची पद्धति ठेविली, आणि १९९५ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, तेथें एच. आय. व्ही.ची नवी लागण सुमारे दोन-पंचमांशानें घटली. युगांडांतील राकाई येथें सरसकट सर्वांना औषधें वांटून पाहिलीं. १९९९ सालच्या निष्कर्षांत तेथें तशी घट आढळली नाहीं. दोन्ही ठिकाणीं सांथीची अवस्था निराळी होती, असें एक कारण सांगतात. भारतानें लक्षणांवरून औषध देण्याची पद्धति उचलली. सरकारी दवाखान्यांत करडें, हिरवें, पांढरें, निळें, तांबडें, पिवळें, काळें अशा सात रंगांचीं औषधांचीं पाकिटें ठरविण्यांत आलीं. मिश्र व्रणाच्या रोग्याचें तिनें कल्याणच केलें, कारण तिला एकाच रोगाचा हट्ट नाहीं. पण ज्याला लक्षणच नाहीं त्याला कोणत्याहि रंगाचें पाकीट मिळत नाहीं. आणि परमा झालेल्या स्त्रियांपैकीं पुष्कळजणींना लक्षण मुळींच जाणवत नाहीं.

प्रयोगशाळा हाताशीं असलेल्या देशांतहि फसगत थांबली नाहीं. २००३ सालीं रोटरडॅम येथें कांहीं पुरुषांच्या गुदमार्गाचा तीव्र दाह आंतड्यांच्या एका निराळ्याच जुनाट विकाराचा समजला गेला होता. तो निघाला उष्ण कटिबंधांतला म्हणून युरोपीय वैद्य विसरून गेलेला एक गुप्तरोग, आणि त्यांतील बहुतेक पुरुष एच. आय. व्ही.बाधित होते. २०२२ सालीं मंकीपॉक्सची सांथ पसरली तेव्हां अमेरिकेंत सुमारे दोन हजार रोग्यांची नोंद तपासली गेली: शेंकडा ३८ जणांना एच. आय. व्ही.ची बाधा, आणि शेंकडा ४१ जणांना मागल्या वर्षांत दुसरा एखादा गुप्तरोग होऊन गेलेला. फोडांकडे नुसतें पाहून हा मंकीपॉक्स, हा हर्पीस, ही गरमी असें सांगणें निष्णात वैद्यांनाहि कठीण जात होतें. त्यामुळें एक सांपडला तरी बाकीच्या सर्वांची परीक्षा करावी, ती शरीराच्या एकाहून अधिक जागांच्या नमुन्यांवर करावी, आणि मधला काळ उलटल्यावर पुन्हां करावी, असा आतां दंडक झाला आहे.

२०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें गर्भवती स्त्रियांसाठीं एका साध्या पट्टीची शिफारस केली. बोटाच्या रक्ताचा एक थेंब त्या पट्टीवर टाकला कीं एच. आय. व्ही. आणि गरमी या दोहोंचें उत्तर थोड्या मिनिटांत मिळतें. दोन्ही रोग आईकडून पोटांतल्या मुलाला होतात आणि दोहोंपासून मुलाला वांचवितां येतें. पट्टीलाहि एक मर्यादा आहे. पूर्वीं होऊन, औषधानें बरी झालेली गरमी आणि आजची जिवंत गरमी यांतील फरक तिला कळत नाहीं. पट्टीवरील रेघ दोन्ही वेळीं सारखीच उमटते. मग परिचारिकेला त्या बाईजवळ बसून मागची हकीकत विचारावी लागते. आणि ती विचारतांना सासूला व नवऱ्याला आधीं खोलीबाहेर बसवावें लागतें.